बाबांचा ॲम्प्लिफायर

३ नोव्हेंबर

कानातलं यंत्र आज बटणांच्या डब्यात सापडलं! मागच्या वेळी संपलेल्या सेलांच्या पिशवीत होतं, त्याआधी जुन्या कोटाच्या खिशात. विचारलं तर बाबा म्हणाले, "ते किडं मला नको." शिवाय दोष कानांचा नाहीच म्हणे. ॲम्प्लिफायर म्हातारा झालाय, वायरींना गंज चढलाय, आणि हल्लीचे गाणारे तोंड मिटून गातात. ते ऐकतात ती तबकडी चाळीस वर्षांपूर्वीची आहे, हे मी सांगायला गेले नाही. कोण डोकं फोडून घेणार!

चूक त्यांचीही नाही म्हणा. जन्मभर रेडिओत ध्वनिमुद्रण केलं, कानांवर पोट भरलं. अशा माणसाला 'तुम्हाला ऐकू येत नाही' म्हणायचं, तेही ओरडून.

आणि मला तर भलतंच सांगायचंय. चष्मेवाल्यानं विचारलंय. त्याचं इथलं दुकान बंद होतंय, आठ तासांवरच्या गावात नवं घेतलंय, सहा डिसेंबरला तो सामानासकट जाणार. मी त्याच्याकडचं नंबर तपासायचं यंत्र दुरुस्तीला उघडून बसले होते, दातांत स्क्रू धरलेला, तेव्हा म्हणाला, "तुम्ही येता का? नोंदणी करून लग्न करू." वय वर्षं त्रेचाळीस! मी स्क्रू काढून म्हटलं, घरी बोलते. त्याला महिना झाला.

बोलू कशी? दूध संपलं हे ओरडून सांगता येतं. 'बाबा, मला एक माणूस आवडतो' हे ओरडून कसं सांगायचं? वरच्या मजल्यावरून अभिनंदन येईल.

५ नोव्हेंबर

जेवणाच्या सुट्टीत चष्मेवाल्याकडे गेले. उत्तर द्यायला नाही, रडगाणं गायला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, नंबर तो स्वतः ठरवतो, पण फ्रेम गिऱ्हाइकाला निवडू देतो. मग अर्धा तास लागो की दोन तास. घरी गेल्यावर माणूस सांगतो, 'मी चष्मा घेतला.' 'मला चष्मा लागला' असं कुणी म्हणत नाही.

परत रुग्णालयाच्या वर्कशॉपला आले ते डोक्यात भुंगा घेऊनच. दुपारभर हृदयाचे ठोके मोजायचं एक यंत्र पुढ्यात उघडं पडलं होतं आणि मी त्याच्याकडे नुसती बघत होते. आमचे हेड — आम्ही त्यांना मागे 'पक्कड' म्हणतो, एकदा धरलं की सोडत नाहीत — दोनदा येऊन विचारून गेले, काय गं, यंत्र तुला तपासतंय का?

६ नोव्हेंबर

बाबांसमोर बसून मोठ्यानं सांगितलं, तुमचं खरंय. ॲम्प्लिफायर गेलाय. नवा मी बांधते, पण कसा हवा ते तुम्ही सांगायचं.

आधी संशयानं बघितलं. मग पेन्सिल मागितली. संध्याकाळी मी घरी येईपर्यंत चार पानं! आराखडा, मापं, समासात अटी. डबा ॲल्युमिनियमचा, पत्र्याचा नको. दिवा बारीक आणि पिवळा. व्हॉल्यूमचं बटण अंगठा आणि दोन बोटांत मावेल एवढं. आणि अट क्रमांक सात, खाली दोन रेघा — कुठलाही खटका 'टक्' वाजता कामा नये. कानात टक् बसलं की गाणं मेलं.

मी हळूच आठवी अट घातली. बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर एक माइक. गाणं ऐकताना दारावरची बेल कळेल, दूध उतू जाणार नाही. बाबा पेन्सिल कानावर ठेवून म्हणाले, "म्हणजे टॉकबॅक." स्टुडिओत काचेच्या पलीकडच्या माणसाशी बोलायची सोय असते, ती.

हो, टॉकबॅक, म्हटलं. बेलचं कारण खोटं. मला फक्त एकदा साध्या आवाजात त्यांच्याशी बोलायचंय.

९ नोव्हेंबर

रविवार. अख्खा दिवस सोल्डरिंग. बाबा स्टुलावर, हातात टॉर्च. डोळे मात्र घारीचे! "हा टाका मेलेला दिसतोय, पुन्हा तापव." रुग्णालयात वीस वर्षं हेच करते मी, पोरं माझ्याकडून शिकून जातात. इथे मी उमेदवार. रागही येत होता आणि बरंही वाटत होतं. आई गेल्यापासून पाच वर्षांत ते इतकं बोलले नव्हते.

११ नोव्हेंबर

टक् नको म्हणजे खटक्याचं बटण बाद. मग गाणं आणि माइक यांच्यामध्ये फिरतं बटण बसवलं. एका टोकाला सगळं गाणं, दुसऱ्या टोकाला सगळं घर, मध्ये दोन्ही मिसळलेलं. बाबांनी पांढऱ्या रंगानं डब्यावर अक्षरं काढली, एकीकडे 'गाणं', दुसरीकडे 'घर'. हात थरथरतो पण अक्षर अजून छापल्यासारखं.

१४ नोव्हेंबर

घूंऽऽऽ!

तीन दिवस ही घरघर डोकं खातेय. वायरी बदलल्या, अर्थिंग तपासलं, पक्कडना विचारलं, त्यांनी चार उपाय सांगितले, चारही करून झाले. बाबांना हेडफोन लावून विचारलं तर म्हणाले, कुठे काय, छान शांत आहे.

मला ती दोन फुटांवरूनही ऐकू येते. त्यांना कानावर ठेवून येत नाही.

स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली. माझ्याशी बोलताना ते आजवर किती वेळा नुसतेच मान हलवत होते?

१५ नोव्हेंबर

सुटलं! आणि सोडवलं बाबांनी. मी वैतागून डब्याकडे बघत बसले होते, ते आले, झाकणावर तळवा ठेवला, डोळे मिटले. "थरथरतोय. ट्रान्सफॉर्मर आडवा बसवलायस, माइकच्या वायरीशेजारी. फिरव त्याला." पाव फेरा फिरवला. घरघर गप्प. मी तीन दिवस कानांनी शोधत होते!

१८ नोव्हेंबर

आज पहिल्यांदा लावला.

बाबांनी तबकडी ठेवली, हेडफोन चढवले, व्हॉल्यूम वाढवत गेले. वाढवत गेले. पाठ ताठ झाली. मग बोट वर केलं, सगळ्यांनी गप्प राहायची खूण. खोलीत होते मी एकटी. म्हणाले, "व्हायोलिनवाल्यानं श्वास घेतला." थोड्या वेळानं, "आता परत घेईल." त्यानं घेतला असणार, कारण ते हसले.

मग मी बाहेर टेबलापाशी गेले. खूण केली, बटण 'घर'कडे फिरवा. आणि रोज पक्कडशी बोलते तेवढ्याच आवाजात म्हटलं, बाबा, चहा घेणार?

"अर्धा कप," ते आतून म्हणाले. "आणि साखर कमी."

गॅससमोर उभी राहून रडले. चहा करपला नाही एवढंच.

सांगायला हवं होतं तेव्हाच. नाही सांगितलं. उद्या.

१९ नोव्हेंबर

उद्या.

२१ नोव्हेंबर

काय करून बसले मी! पाच वाजले की बाबा आतल्या खोलीत खुर्चीत, हेडफोन, डोळे मिटलेले, बटण 'गाणं'च्या टोकाला. आठ वाजेपर्यंत! खुर्चीच्या पायाशी रोज नव्या तबकडीचं वेष्टण टेकवलेलं. चहा द्यायला गेले की डोळे उघडून मान हलवतात, परत मिटतात. 'घर'कडे बटण फिरवतच नाहीत. आधी निदान ओरडून दोन वाक्यं व्हायची. आता माझ्याच हातानं त्यांना दार लावून दिलंय, तेही त्यांच्या मापाचं.

चष्मेवाला विचारत नाही. तो विचारत नाही याचाच ताण येतो.

२४ नोव्हेंबर

दादाचा फोन. मी टेबलाशी भाजी चिरत होते. म्हटलं, आज बोलायचंच. चष्मेवाल्याचं सांगितलं. आधी हसला, मग 'अगं छानच की'. मग म्हणाला, बाबांचं काय?

म्हटलं, तू ने. त्याचं घर लहान, मुलाची परीक्षा, वहिनीची पाठ. सगळं खरंच आहे, तो खोटं बोलत नाही, म्हणून तर भांडताही येत नाही. म्हणाला, बाबा ते घर सोडतील का तरी? मीही म्हटलं, नाही सोडणार. काळ्या दगडावरची रेघ. आईची खोली आहे, तबकड्या आहेत. दोघंही त्यावर एकदम एकमत. एवढ्या एकाच गोष्टीवर.

मग माझं डोकं फिरलं. पाच वर्षांचं सगळं त्याच्या अंगावर ओतलं. गोळ्या, आंघोळीची आठवण, ओरडून ओरडून बसलेला घसा, कुठे एक रात्र मुक्कामाला जाता येत नाही. आणि शेवटी म्हणाले, "कधीकधी वाटतं, सुटावं रे एकदाचं."

काय बोलले मी हे! कुणी सुटावं? मी की ते? माझं मलाच माहीत नाही. पटकन आत बघितलं. बाबा डोळे मिटून, हेडफोन कानावर, बटण 'गाणं'कडे. देवाची कृपा.

२६ नोव्हेंबर

कशात लक्ष नाही. आज एका यंत्राची वायर उलटी जोडली. पक्कडनी वेळेत पाहिलं. ओरडले नाहीत, रजा घे म्हणाले. हे जास्त लागलं.

२८ नोव्हेंबर

चष्मेवाल्याला 'नाही' सांगितलं. फोनवर. टेबलापाशी येरझाऱ्या घालत. समोर जाऊन सांगायची हिंमत नव्हती.

"बाबा आहेत तोवर मी इथून हलू शकत नाही," म्हटलं. वाक्य तोंडातून सुटल्यावर कळलं किती वाईट आहे ते. म्हणजे तुम्ही थांबा, माझे वडील मरायची वाट बघा, असंच ना?

तो म्हणाला, "बरं. सहा तारखेपर्यंत इथेच आहे मी." रागावला असता तर बरं झालं असतं.

फोन ठेवून भाजी निवडली, भात लावला. बाबांना हाक मारायला गेले तर डोळे उघडेच होते. माझ्याकडे बघत होते. मी ताटं वाढली. 

३० नोव्हेंबर

बाबांचं काय चाललंय कळत नाही. काल स्वतःहून आंघोळ, न सांगता. आज मी उठायच्या आत स्वतःचा चहा स्वतः केला, कपही विसळून पालथा घातला. गोळ्यांची यादी मोठ्या अक्षरांत लिहून कपाटावर चिकटवली. सकाळ, दुपार, संध्याकाळ. आणि ते कानातलं किडं चक्क घालून एकटे न्हाव्याकडे जाऊन आले! "शिटी मारतं मेलं," एवढीच तक्रार.

संगीतानं माणसाला एवढी उभारी येते? आनंद व्हायला हवा. मला उगीच धडधडतंय.

२ डिसेंबर

रजा घेतली. बाबा पुन्हा बाहेर गेले होते, पत्रपेटीपर्यंत म्हणून.

रुग्णालयातून मीटर आणलं होतं. आमच्याकडे प्रत्येक यंत्राला मोजमापांचं कार्ड लागतं, बाबांच्या डब्याचंही करून ठेवावं असं मनात होतं. बटण 'गाणं'च्या टोकाला नेलं आणि माइकची वाट किती बंद होते ते मोजलं. फिरतं बटण पूर्ण बंद होत नसतं, किंचित गळती राहतेच. ती मला ठाऊक होती. बांधताना मी कानांनी तपासलीही होती. काही ऐकू आलं नव्हतं.

पण मी तपासली होती माझ्या कानांना पुरेल एवढ्या आवाजावर. व्हॉल्यूम पाव फेरा. बाबांचं बटण शेवटच्या टोकाला टेकलेलं असतं! रोगी ज्या मापावर यंत्र वापरतो, त्याच मापावर तपासायचं, हे मी वीस वर्षं पोरांना शिकवतेय. आणि घरात ही चूक.

हेडफोन लावले. व्हॉल्यूम शेवटपर्यंत. बटण 'गाणं'कडेच. नळाचा थेंब. भिंतीवरचं घड्याळ. खालच्या फाटकाची कडी. बाहेर जाऊन टेबलावर नख वाजवायची गरजच उरली नव्हती.

सगळं ऐकलंय त्यांनी. दादाशी बोललेलं. चष्मेवाल्याशी बोललेलं. 'सुटावं एकदाचं.' 'आहेत तोवर.' सगळं.

 स्वतःला समजावलं, गाण्याखाली दबलं असेल. गाणं चालू असताना एवढीशी गळती कुठे कळते? तेही तपासू म्हणून प्लेअर सुरू केला. तबकडी फिरेना. खाली बघितलं तर फिरवायचा रबरी पट्टा तुटून पडलेला. वरच्या तबकडीवर धूळ, बोटाचा ठसा उमटेल इतकी.

बाबा आले तेव्हा मी पट्टा हातात घेऊन त्यांच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी बघितलं. हेडफोन माझ्याकडून घेतले, स्वतःला लावले, बटण फिरवलं, आणि मला हातानं टेबलाकडे जा म्हणून सांगितलं. मी गेले. साध्या आवाजात विचारलं, पट्टा कधी तुटला?

"वीस तारखेला."

मग रोज तीन-तीन तास काय ऐकत होतात?

"तुला," ते म्हणाले. "तू भाजी चिरताना गातेस. बेसूर गातेस. मला माहीतच नव्हतं. तुझी आई गेल्यावर या घरातला आवाज संपला, असं मी धरून चाललो होतो."

मग बटण 'घर'कडे का नाही फिरवलं? रोज वेष्टणं बदलायचं नाटक कशाला?

"स्टुडिओत ध्वनिमुद्रणाचा लाल दिवा लागला की माणूस वेगळा बोलतो. साधं बोलणं हवं असेल, तर दिवा लावायचा नाही."

पुढे मला विचारवेना. जेवलो. भांडी त्यांनी पुसली.

३ डिसेंबर

तोंड दाखवायची लाज वाटते. सकाळी सात वाजताच वर्कशॉपला आले. पक्कडनी कुलूप उघडायच्या आधी मी दारात.

ओरडले तर बरं. दादाकडे जातो म्हणाले तर? काल पत्रपेटीत काय टाकलं? गोळ्यांची यादी कुणासाठी? चहा, आंघोळ, न्हावी — एकटं राहायची तालीम चाललीय त्यांची, दुसरं काय! मला मोकळं करायला. मी तसं होऊ देणार नाही. सुटायचं नाही मला. म्हणजे, असं नाही सुटायचं.

४ डिसेंबर

काही नाही. दोघंही चोरासारखे वावरतोय. तेवढा नवा पट्टा बसवून दिला.

५ डिसेंबर

आज पाच वाजता बाबा नेहमीसारखे खुर्चीत बसले, हेडफोन चढवले आणि मला दिसेल असं बटण 'घर'कडे फिरवलं. मी टेबलापाशी गेले. म्हटलं, बाबा, मी त्या दिवशी जे बोलले ते —

"तुझ्या आईला सांभाळताना मलाही तसंच वाटायचं," ते म्हणाले. "कितीदा. त्यात चुकलं काही नाही. चुकलं ते पुढचं. तू दादाशी बोललीस, त्या चष्मेवाल्याशी बोललीस. म्हातारा हलणार नाही हे तिघांनी ठरवूनही टाकलं. हलता का, असं मला कुणी विचारलं?"

मी म्हटलं, हलता?

म्हणाले, सराव करतोय की आठवडाभर. चष्मेवाल्याच्या नव्या गावातल्या सभागृहात कधीकाळी रेकॉर्डिंग केलंय, तिथल्या जुन्या सहकाऱ्याला दोन तारखेला पत्रही टाकलं. फक्त ॲम्प्लिफायर सामानात टाकायचा नाही. गाडीत मांडीवर घेऊन बसणार.

चष्मेवाल्याला फोन लावला. आत जाऊन नाही. तिथेच, टेबलापाशी उभी राहून.